आगाऊ भरलेलं पान

गुरुवार, ४

या वहीला रकाने आधीच छापलेले आहेत. वेळ, दाब, पाण्याची पातळी, शेरा, सही. पुठ्ठ्याच्या कारखान्यातलं बॉयलरचं जुनं रजिस्टर आहे, रद्दीत जाणार होतं ते मी उचलून आणलं. डायरी लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण सव्वीस वर्षं दर तासाला काहीतरी लिहितोय, त्यामुळे लिहिल्याशिवाय मला काही कळत नाही.

तर धाकट्या बहिणीला माझी किडनी जुळते. रक्तगट, बाकीच्या तपासण्या, सगळं. सर्जन म्हणाले, इतकं चांगलं जुळणं नशिबाची गोष्ट आहे. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. मग त्यांनी विचारलं, "सिगारेट?"

"असते अधूनमधून," मी म्हणालो. बायको शेजारीच होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

सर्जननी पेन खाली ठेवलं. "सहा आठवडे पूर्ण बंद. एकही नाही. आमच्याकडे फुंकून बघायचं यंत्र आहे. त्यावर आकडा खाली आला आणि सहा आठवडे खालीच राहिला, की ऑपरेशनची तारीख देतो. धडधाकट माणसाला टेबलावर घ्यायचं तर मला तुमच्या छातीची खात्री हवी."

म्हणजे तारीख माझ्या हातात आहे. धाकटीचं डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झालं. तिच्या हाताच्या ज्या शिरेत सुया टोचतात ती आता नीट दाद देत नाही. घाई आहे हे तिलाही माहीत आहे आणि मलाही, पण तिने मला एका शब्दाने काही म्हटलेलं नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर आल्याबरोबर मी एक पेटवली. बायको म्हणाली, "हं. अधूनमधून."

शुक्रवार, ५

शिफ्ट संपवून सिगारेट सोडवणाऱ्या मॅडमकडे गेलो. वयाने माझ्या मुलीएवढी असेल. म्हणाली, "काका, खोल श्वास घ्या, पंधरा सेकंद धरा, मग हळूहळू फुंका." यंत्रावर आकडा चढत गेला आणि सत्तावीसवर थांबला.

"हे काय मोजतं?" मी विचारलं.

"कार्बन मोनॉक्साइड. तुमच्या श्वासातला."

मी ते यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. असंच एक मोठं यंत्र आमच्याकडे आहे. दर महिन्याला मी स्वतः शिडी चढून चिमणीच्या भोकात त्याची नळी घालतो आणि हाच वायू मोजतो. आकडा जास्त आला की समजायचं, आत जळण पुरतं जळत नाहीये, आणि बर्नर उघडायचा. चिमणीचा एक महिना मी चुकवलेला नाही. स्वतःच्या छातीला नळी लावायचं बत्तीस वर्षांत कधी डोक्यात आलं नाही.

मग तिने विचारलं, झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? मी म्हणालो, चहा झाला की. घरी येऊन बायकोला सांगितलं तर म्हणाली, "चहा? अहो, मी गॅस पेटवते तेव्हा तुमची निम्मी झालेली असते."

मॅडमने काम दिलंय. सोडायचा दिवस अजून तीन आठवडे लांब. तोपर्यंत एकही कमी करायची नाही, फक्त प्रत्येक सिगारेट पेटवायच्या आधी लिहायची. वेळ, कुठे होतो, आणि तलफ दहापैकी किती. म्हणाली, "आधी ओळख करून घ्या." हे मला आवडलं. नवीन बॉयलर आला तरी आम्ही आधी ओळखच करून घेतो.

शनिवार, ६

उठलो ५.३०. पहिली ५.३४. बायकोचं खरं निघालं.

एकूण एकोणीस. मला बारा वाटायच्या.

सोमवार, ८

आज जरा शहाणपणा केला. लिहितोच, वही माझीच आहे.

बॉयलरच्या रजिस्टरचं असं असतं की दर तासाला काचेत पाणी बघायचं, गेजवर दाब बघायचा आणि लिहायचं. पण आपला बॉयलर आपल्या अंगवळणी पडलेला असतो. सात वाजता साडेसात किलो, आठला साडेसात, नवाला साडेसात. मग माणूस काय करतो, शिफ्ट सुरू झाली की खालपर्यंत सगळं पान भरून टाकतो. अक्षर एकसारखं येतं आणि दिवसभर हात मोकळे. सगळे बॉयलरवाले करतात, आणि सगळे नाही म्हणतात.

तर आज सकाळी दुसरी सिगारेट लिहिताना वाटलं, प्रत्येक वेळी पिशवीतून वही काढा, पेन काढा, कशाला ही कटकट. दोन दिवसांच्या नोंदी समोर होत्या. उद्याचं पान आजच भरून टाकलं. ५.३४ पासून रात्री ९.४० पर्यंत, एकोणीस ओळी, तलफेच्या आकड्यांसकट. मॅडमला उद्या दाखवायचंच आहे, पान भरलेलं बरं दिसेल.

मंगळवार, ९

लाज वाटते तरी लिहितो.

शिफ्ट सुटल्यावर सरळ मॅडमकडे गेलो. तिने वही घेतली, बोट फिरवत खाली आली आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "काका, रात्री नऊ चाळीसला गॅलरीत शेवटची ओढली असं लिहिलंय तुम्ही. आणि तलफ सात."

"हो."

"आत्ता सव्वातीन वाजलेत."

कान गरम झाले. मग मी तिला बॉयलरचं सगळं सांगून टाकलं, साडेसात किलो आणि एकसारखं अक्षर. वाटलं आता झाडणार. पण ती हसली, वही परत दिली आणि म्हणाली, "खोडू नका. आता उरलेल्या दिवसात प्रत्येक सिगारेट पेटवाल तेव्हा फक्त घड्याळ बघा आणि शेजारी खरी वेळ लिहा. मुद्दाम काही करू नका."

घरी येऊन तसंच केलं. लिहिलेली ३.५५, पेटवली ३.५८. लिहिलेली ४.५०, पेटवली ४.४७. संध्याकाळी शेजाऱ्यांचं लग्नाचं आमंत्रण आलं, तासभर गप्पा झाल्या, मी वही विसरूनसुद्धा गेलो होतो. त्यातून उठलो तेव्हा ७.२१. वहीत ७.२०.

शेवटची गॅलरीत. लिहिलेली ९.४०. पेटवली ९.४०.

गॅलरीतच उभा राहून ते पान पुन्हा वरपासून वाचलं. मला मुदतीच्या आधी बिलं भरता येत नाहीत, लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही, आणि माझ्या आत कोणीतरी आहे जो मिनिटाला चुकत नाही.

बुधवार, १०

कारखान्यात प्रेशर स्विचसमोर बराच वेळ उभा होतो. दाब सातपर्यंत उतरला की तो आपोआप टिक करतो आणि बर्नर पेटतो. आठवर गेला की टिक, आणि बर्नर बंद. कोणी हात लावत नाही.

मला आजवर वाटायचं की ऑपरेटर मी आहे.

गुरुवार, ११

कारखान्याला गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी धाकटीला डायलिसिसला मी नेतो. नऊ ते एक. बाकीचे दोन दिवस तिचा नवरा नेतो.

हे यंत्र मला पहिल्या दिवसापासून जिवंत वाटतं. कपाटाएवढं आहे. पंप गरगर फिरतो, रक्त एका नळीने बाहेर येतं, गाळणीतून जातं, दुसऱ्या नळीने परत जातं. दाबाचे तीन आकडे असतात आणि मी ते सारखे वाचत बसतो, नर्सच्याही आधी मला कळतं. आज सर्जनचं बोलणं आठवलं आणि नव्याने नवल वाटलं. माझ्या पाठीत मुठीएवढी एक गोष्ट आहे, ती हे सगळं काम आवाज न करता, वीज न घेता, रात्रंदिवस करते. आणि अशा दोन आहेत. मी एकावन्न वर्षांत त्यांची विचारपूससुद्धा केलेली नाही.

धाकटी शाळेत गणित शिकवते. डायलिसिसला पडल्यापडल्या डाव्या हाताने चौकटीच्या वहीत शब्दकोडी करते, कारण उजव्या हातात सुया. तिला मी आगाऊ पानाचा किस्सा सांगितला. इतकी हसली की यंत्र बोंबललं आणि नर्स धावत आली. मग म्हणाली, "दादा, तू इथेही पाच वेळा उठून जातोस."

"पाच नाही गं. एक-दोनदा."

"बरं," ती म्हणाली आणि परत कोड्यात डोकं घातलं.

मोजलं. पाच.

जाताना तिने विचारलं, सोडायचा दिवस कुठला? मी म्हणालो सोमवार, आठवड्याची सुरुवात. तर म्हणाली, "गुरुवार ठेव. पंचवीस तारीख. माझ्यासमोर सोड." तिने असं काही मागितलं की मला नाही म्हणता येत नाही, तिला ते लहानपणापासून ठाऊक आहे.

रविवार, १४

मॅडमने फोनवर एक प्रयोग सांगितला. एकदाच, तलफ आली की पेटवायची नाही, घड्याळ धरून नुसती बघायची.

पाण्याच्या टाकीमागे, जिथे आम्ही ओढतो, तिथे बसलो. रकाना तयारच होता, दाबाचा.

१०.४० — ४
१०.४१ — ६
१०.४२ — ८
१०.४३ — ९. हात खिशात गेला. काढला.
१०.४४ — ९
१०.४५ — ७
१०.४६ — ४
१०.४७ — ३

मी दोनदा तपासलं. झाकण उघडलं नाही, वाफ सोडली नाही, आणि दाब उतरला. आमच्या विद्येत हे बसत नाही. दाब चढायला लागला की तो कुठून तरी बाहेर काढावाच लागतो, नाहीतर बॉयलर फुटतो. मीही बत्तीस वर्षं हेच धरून चाललो होतो की नाही ओढली तर मी फुटेन.

पावणेअकराला जी तलफ बत्तीस वर्षांत पहिल्यांदा नुसती बघितली तिचं मला इतकं कौतुक वाटलं की ते साजरं करायला अकरा वाजता एक ओढली. शेरा: मूर्ख.

मंगळवार, १६

मॅडमने आज सगळं समजावून सांगितलं. विसरायच्या आत लिहितो.

एक झुरका घेतला की निकोटीन दहा-पंधरा सेकंदांत मेंदूत पोचतं. हातात सुई टोचून दिलेलं औषधही इतक्या लवकर पोचत नाही. तिथे त्याच्या मापाची दारं असतात, त्यांतून ते आत शिरतं आणि बरं वाटतं. रोज पाहुणा येतोय म्हटल्यावर मेंदू आणखी दारं बांधतो. मग इतकी दारं उघडायला रोज तितकं निकोटीन लागतं. दोन तासांत रक्तातलं निम्मं संपतं. रात्रभर कोणी येत नाही, म्हणून सकाळी सगळी दारं एकदम वाजायला लागतात. पाच चौतीस.

"म्हणजे सिगारेटने मला बरं वाटतं ते?" मी विचारलं.

"बरंचसं म्हणजे आधीच्या सिगारेटमुळे जे वाईट वाटायला लागलेलं असतं, ते थांबतं."

 बायकोशी भांडण झाल्यावर, मुलीचा निकाल लागल्यावर, बाबा गेले त्या सकाळी, प्रत्येक वेळी ही माझ्या मदतीला आली असं मी समजत होतो.

तिनेच हिशेब मांडून दाखवला. एका सिगारेटचे दहा झुरके, दिवसाचे एकशे नव्वद. सुरुवातीची वर्षं कमी धरली तरी बत्तीस वर्षांत वीस लाखांच्या आसपास. वीस लाख वेळा एकच धडा, आणि प्रत्येक वेळी लगेच बक्षीस. मी आयुष्यात दुसरं काही वीस लाख वेळा केलेलं नाही. धाकटीला हाकसुद्धा तितक्या वेळा मारली नसेल. "तुम्ही कमकुवत नाही, काका," मॅडम म्हणाली, "तुमचा मेंदू फार चांगला विद्यार्थी आहे."

आणि शेवटी एक गोष्ट सांगितली ती बसमध्ये सारखी आठवत होती. सोडल्यावर काही आठवड्यांत ही जास्तीची दारं मेंदू स्वतःच काढून टाकतो. कोणी हातोडा घेऊन जात नाही. भिंत आपली आपण सारखी होते. हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, एखाद्या फार मोठ्या कारखान्यात पहिल्यांदा पाऊल टाकल्यासारखं काहीतरी. फक्त हा कारखाना मीच होतो.

गुरुवार, १८

धाकटी आज नको इतकी बोलत होती. एरवी कोड्यात गुंग असते. आज मी उठायच्या बेतात असलो की नेमकं हिला काहीतरी आठवायचं. नऊ वाजून पाच मिनिटांनी शाळेतल्या तपासनिसाची लांबलचक गोष्ट. पावणेदहाला आमची जुनी मांजर. साडेदहाला तर मी उभा राहिलो होतो, तर म्हणाली, "दादा, शिट्टी आठवते?"

आठवते की. मी एकोणीस वर्षांचा, ही बारा. मी घरामागच्या भिंतीआड सिगारेट ओढायचो आणि ही कोपऱ्यावर पाळत ठेवायची. बाबा दिसले की शिट्टी. एका शिट्टीचे दोन पेपरमिंट. एकदा बाबा अगदी जवळ आले आणि हिच्या तोंडात पेपरमिंट होतं, शिट्टी वाजेना, तर हिने मुद्दाम पडून भोकाड पसरलं. गुडघा फुटला होता बिचारीचा.

आम्ही खूप हसलो. म्हणजे मी हसलो. ती जरा वेळाने म्हणाली, "मी शिट्टी वाजवली नसती तर तू पहिल्याच आठवड्यात सापडला असतास."

"मग बाबांनी चामडी लोळवली असती माझी," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. एवढ्या जुन्या गोष्टीचं तोंड कशाला पाडलं कोणास ठाऊक.

आज दोनदाच उठलो. तिच्या बडबडीत वेळच मिळाला नाही.

शनिवार, २०

माझ्या पानाचं तसं निघाल्यापासून कारखान्याचं पान आगाऊ भरायला हात धजत नाही. आज प्रत्येक तासाला खरोखर बघितलं. अकराला दाब सात होता. साडेसात नव्हे. बाराला परत साडेसात. म्हणजे रोज अकराच्या सुमारास पलीकडचं खातं एकदम वाफ ओढतं आणि दाब अर्धा किलो उतरतो, आणि मी किती वर्षं साडेसात लिहितोय देव जाणे.

फिटर माझा जोडीदार, टाकीमागची कंपनी. त्याला सांगितलं की गुरुवारपासून माझी बंद. म्हणाला, "किडनी देतोयस की संन्यास घेतोयस?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "माझं पाकीट मी त्या बाजूच्या कपाटात ठेवत जाईन." त्याच्याकडून मला एवढी अपेक्षा नव्हती.

बुधवार, २४

घरातल्या सगळ्या रक्षापात्रांत बायकोने मनी प्लँट लावले. पाच निघाली. लायटर चार. कोटाच्या खिशात एक चुरगळलेली सिगारेट सापडली, ती बायकोसमोर पाण्यात टाकली. उद्या दंडावर लावायची पट्टी मॅडमने दिलीय, सर्जनना विचारूनच. त्यात निकोटीन आहे पण धूर नाही, हळूहळू कमी करत न्यायची.

भीती वाटते. आकडा दिला असता, पण कुठला द्यावा कळत नाही.

गुरुवार, २५

५.३४. नाही.

पट्टी लावली. चहा प्यालो. चहाला चव आहे असं बायको म्हणते.

धाकटीने पेपरमिंटचं पाकीट हातात ठेवलं. म्हणाली, "आता पगार मी देणार." चार तासांत एकदा उठलो, तेही बाथरूमला. ती आज मांजरीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती. औषधांचा परिणाम असेल, विसरते हल्ली.

शनिवार, २७

तिसरा दिवस. सगळ्यांचा राग येतो. बायकोच्या बांगड्यांच्या आवाजाचा राग येतो. दारं वाजतायत, पट्टीने आवाज जरा दबतो एवढंच.

तरी मधेच, साधारण चारच्या सुमाराला, कारखान्याच्या जिन्याने वर गेलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की मधल्या पायरीवर थांबलो नाही. मी त्या पायरीवर नेहमी थांबतो. मला वाटायचं तिथून खालचं सगळं नीट दिसतं म्हणून थांबतो.

रविवार, २८

एक ओढली.

बर्नर तीनदा बंद पडला, साहेब डोक्यावर उभे, मी आणि फिटर काळे झालो. शेवटी पेटला. टाकीमागे जाऊन बसलो आणि फिटरने सवयीने स्वतःची पेटवून दोन झुरके मारून माझ्याकडे दिली, सव्वीस वर्षं देतोय तशी. मीही सवयीने घेतली. अर्धी झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. फिटरचा चेहरा बघवत नव्हता. आणि मी उरलेली अर्धी पूर्ण ओढली, लक्षात आल्यानंतर. ही अर्धी माझी.

सव्वीस वर्षं न बघितलेला दाब लिहिताना हात कधी कापला नाही. ही एक ओळ लिहायला संध्याकाळ गेली.

गुरुवार, २

सोमवारी धाकटीची शीर बंद पडली. गळ्याखालून नळी घातलीय, त्यातून डायलिसिस चालू आहे. मी रविवारी ओढली आणि सोमवारी तिची शीर बंद पडली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही हे मला कळतं. तरी तिच्याकडे बघवेना.

यंत्र सुरू झाल्यावर सांगून टाकलं. तिने विचारलं, "पूर्ण ओढलीस?"

"पूर्ण."

तिने डोळे मिटले.  मग गणिताच्या बाईच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे सहा आठवडे सोमवारपासून मोजायचे. दहा तारखेला पुरे होतात. पुढच्या महिन्याच्या." मला रडू आलं. ती म्हणाली, "दादा, सांगितलंस ना, मग झालं. आता ऐक, तपासनिसाची गोष्ट अर्धी राहिली होती."

राहिली नव्हती. पण मी ऐकली.

गुरुवार, १६

आकडा तीन. मॅडमने यंत्र दोनदा पुसून परत फुंकायला लावलं. तीनच. सत्तावीसवरून तीन, आणि मी काही केलेलं नाही, फक्त एक करायचं थांबलो. छातीने आपली आपण झाडलोट केली.

फिटर भेटल्यावर विचारतो, "किती?" मी सांगतो. तो मान डोलवून कपाटापाशी जातो, आणि हल्ली तिथून जरा उशिराने टाकीमागे जातो.

गुरुवार, १३

चार आठवडे काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं घडलं नाही. तलफ येते, दिवसातून दोन-तीनदा, ओळखीच्या माणसासारखी दारात उभी राहते आणि जाते.

सोमवारी सहा आठवडे झाले. काल फुंकलो, दोन. सर्जननी वही उघडून तारीख दिली, सव्वीस. धाकटीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सव्वीसला बुधवार येतो," आणि फोन ठेवला.

आज डायलिसिसला नेलं. यंत्र सुरू झालं, दहा-पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोलली आणि झोपून गेली. दीड वर्षात मी तिला डायलिसिसवर झोपलेलं बघितलेलं नाही. नर्सही म्हणाली, "आज झोपल्या?"

माझ्याकडे वाचायला काही नव्हतं. तिची शब्दकोड्यांची वही पोटावर पडली होती, घसरेल म्हणून उचलली आणि चाळायला लागलो. पुढून कोडी. मागून उघडली तर चौकटीत रकाने आखलेले. तारीख सगळ्या गुरुवारांची, अगदी पहिल्या डायलिसिसपासून.

दादा उठला ९.१०. दादा उठला ९.५५. दादा उठला १०.३५. खोकला ऐकू आला. दादा उठला ११.२०. अशी पानंच्या पानं. दीड वर्षाहून जास्त ती हे लिहीत होती, माझी किडनी जुळते की नाही हे कोणाला माहीतही नव्हतं तेव्हापासून.

मग अठरा तारीख. ९.०५ हलला, तपासनिसाची गोष्ट, सहा मिनिटं, बसला. ९.४५ खिसा चाचपला, मांजर, सात मिनिटं, बसला. १०.३० उभा राहिला, शिट्टी, बसला. तिच्या एकेका गोष्टीसमोर मिनिटं लिहिलेली. मी टाकीमागे घड्याळ धरून जे एकदा मोजलं, ते ती आधी हातात सुया आणि मग गळ्याखाली नळी असताना दर गुरुवारी मोजत होती. आणि मला वाटत होतं की ती विसरते. म्हणजे कोपऱ्यावरून ती अजून उठलेलीच नाही. तेव्हा बाबा येतात का बघायची, आता माझ्यावर पाळत ठेवून आहे.

शेवटचं पान आजचं. दर अर्ध्या तासाला एक ओळ. ९.३० दादा बसला आहे. १०.०० दादा बसला आहे. १०.३०, ११.००, थेट खाली एकपर्यंत, एकसारख्या अक्षरात. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

माझंच शिकून आजचं पान आगाऊ भरून ती झोपली होती.

वही होती तशी तिच्या हाताखाली ठेवली. साडेअकराच्या सुमारास एकदा तलफ आली, चार-पाचपर्यंत चढली. पेपरमिंट तोंडात टाकलं आणि यंत्राचे आकडे वाचत राहिलो. एक वाजता, ती जागी व्हायच्या आत, ती वही पुन्हा घेतली आणि त्या पानाखाली सही केली.